पोटात न दुखणारी जागा

आई, गेलं वर्षभर माझी साखर वाढलेली होती, आणि मी खरंच काही खाल्लेलं नव्हतं. हे आधीच सांगून टाकते, कारण तू असतीस तर पहिला प्रश्न तोच विचारला असतास. तू नाहीस, तर तो तुझी धाकटी विचारते. तुझ्याच आवाजात, तुझ्यासारखीच हनुवटी पुढं काढून. "ताय, खरं सांग गो, काय खाल्लंस?" तुझी हनुवटी तिला मिळाली, तुझा गोरा रंग तिला मिळाला, तुझे दाट केस मिळाले, आणि मधुमेहसुद्धा तिला मिळाला तो पन्नाशीच्या आसपास, दोन गोळ्यांत भागेल असा, शहाण्या मुलासारखा. मला मिळाला तो पाचवीत असताना, सुईसकट. वाटणी करताना मला कुणी विचारलं नव्हतं.

मी सध्या तिच्याकडे राहते, हे तुला ठाऊक असण्याचं कारण नाही. तू गेल्यावर मी आपल्याच घरात होते. बालवाडी सांभाळायचे, संध्याकाळी समुद्रावर चालायचे, एकटीचं बरं चाललं होतं. मग ते वादळ आलं. अर्ध्या गावाच्या नारळी-पोफळी एका दिवसात आडव्या झाल्या आणि आपल्या घरावरचे पत्रे कुठं गेले ते अजून सापडलेलं नाही. दुसऱ्या दिवशी चिखल तुडवत धाकटी आली, म्हणाली, "चल घरला," आणि माझी पिशवी तिनंच उचलली. तिचं घर शेजारच्या आळीत, तुला आठवत असेल. आता मागच्या वाडीत दोन खोल्या काढल्यात, मुंबई-पुण्याचे पाहुणे येऊन राहतात आणि तिच्या हातचे उकडीचे मोदक खाऊन माना डोलावतात. मी नारळ खवते, पाहुण्यांच्या चादरी वाळत घालते. ती माझ्याशी चांगली वागते. ताटात पहिली भाकरी मला वाढते, नवी साडी आणली तर दोन आणते. वाईट वागली असती तर मला सोपं गेलं असतं. दुसऱ्याचं चांगलं बघून पोटात दुखायला काहीतरी निमित्त लागतं, आणि ही बया ते देतच नाही.

सकाळी चहाच्या आधी आम्ही दोघी ओटीवर बसून बोट टोचतो. आता घरातल्या घरात मशीनवर साखर कळते, आई. रक्ताचा थेंब पट्टीला लावला की आकडा येतो. तुझे जावई समोर पेपर घेऊन बसतात आणि निकाल वाचल्यासारखे मोठ्यानं वाचतात. "हिची एकशे अठरा! ताईंची?" माझी दोनशे नव्वद. माझी तीनशे दहा. एकदा तर मशीननं आकडा दाखवायचंच सोडून दिलं, नुसतं 'जास्त' एवढंच म्हणालं. आदल्या रात्री धाकटीनं पाहुण्यांबरोबर बसून मोदक खाल्लेला असायचा, वर तूप घेऊन. मी अर्धी भाकरी आणि पडवळाची भाजी. तरी ती एकशे अठरा. ती मिरवत नाही, ते मला मान्य आहे. मान खाली घालून पट्टी टाकून देते. पण त्या मान खाली घालण्यानं मी आणखी जळायचे.

मी काय काय केलं नाही? इन्सुलिनची बाटली खराब झाली असेल म्हणून नवी आणली. फ्रिजच्या दारातून काढून मधल्या फळीवर ठेवली. पट्ट्या जुन्या असतील म्हणून नव्या आणल्या. नारळ खवल्यावर हात साबणानं दोनदा धुऊन मग बोट टोचलं. भात सोडला, भाकरी निम्मी केली, रात्रीचं जेवण सोडून बघितलं. किनाऱ्यावर पाय दुखेपर्यंत चालले. शेजारणीनं जांभळाच्या बियांची पूड दिली, तिच्या सासूनं कारल्याचा रस. कडू पिऊन तोंड वाकडं झालं, आकडा होता तिथंच. औषधाचा डोस वाढवत नेला. घसा सारखा कोरडा, रात्रीतून दहा वेळा उठायचं, पोटऱ्या वळायच्या, आणि हळूहळू पेपरची अक्षरं पाण्यात बुडाल्यासारखी दिसायला लागली. मला भीती एकाच गोष्टीची होती. डोळे गेले तर मला हात धरून चालवणार कोण? तीच. उरलेलं आयुष्य धाकटीचा हात धरून काढायचं, आणि तिनं तोही प्रेमानंच धरायचा. या विचारानं माझी झोप उडायची.

आणि मग कुलूप. मे महिन्यात फणसपोळ्या, आंबापोळ्या करून झाल्या, डबे भरले, आणि एका सकाळी बघते तर कपाटाला कुलूप. चावी तिच्या कमरेला. मी विचारलं, "हे कशाला?" तर म्हणाली, "मुंग्या लागतात ताय." मुंग्यांना कुलूप! माझे केस पांढरे झाले, गावातल्या निम्म्या पोरांना मी 'अ' गिरवायला शिकवला, आणि मला आंबापोळीची चोर ठरवलं. मी काही बोलले नाही. बोलले असते तर तिनं रडून माफी मागितली असती, आणि मग तीच पुन्हा चांगली ठरली असती.

पण मुंग्यांचं नाव तिनं काढायला नको होतं. मुंग्या माझ्या होत्या. आठवतं? माझा आजार पहिल्यांदा तुला मुंग्यांनी सांगितला. मी वाडीत विहिरीच्या मागं लघवीला जायचे तिथं मुंग्यांची रांग लागलेली तू पाहिलीस, आणि तुझ्या मामाला असंच व्हायचं हे तुला आठवलं. डॉक्टरकडे नेलंस, नाहीतर मी त्याच वर्षी गेले असते. मग इंजेक्शन सुरू झालं, सकाळ-संध्याकाळ. काचेची सिरिंज पातेल्यात उकळायची, इन्सुलिनची बाटली माठात सोडलेली. संध्याकाळची वेळ नेमकी दिवेलागणीची, आणि तिन्हीसांजेला सुईचं नाव घेऊ नये हे तुझं पक्कं. म्हणून तू म्हणायचीस, "चल बाय, मुंगी चावायची वेळ झाली." मी परकर सावरत देवघराच्या खोलीत यायचे आणि तू दार लोटून घ्यायचीस. धाकटी बाहेर.

त्या काळात खोटं पकडायचं तुझं यंत्र वेगळं होतं. काचेच्या नळीत निळं औषध, त्यात लघवीचे थेंब, आणि नळी स्टोव्हच्या ज्योतीवर धरायची. निळं राहिलं तर पोरगी शहाणी, हिरवं झालं तर थोडी लबाड, विटेसारखं लाल झालं तर चोर. एका गौरी-गणपतीत सकाळीच विटकरी रंग आला. मी खोबऱ्याच्या सारणाला बोटही लावलं नव्हतं. धाकटीच्या ओठाला मात्र गूळ चिकटलेला, आणि ती दारात उभी राहून बघतेय. मी सांगत राहिले, "आई, नाही गं खाल्लं." तू म्हणालीस, "तू खोटं बोलशील, रंग न्हाय बोलायचा," आणि एक ठेवून दिलीस. संध्याकाळी मला ताप भरला. डॉक्टर म्हणाले, अंगात ताप असला की न खाताही साखर वाढते. तू ऐकून घेतलंस. गणपती गेल्यावर घरात पहिली सुरमई आली तेव्हा मधला तुकडा माझ्या ताटात पडला. आपल्याकडे आया माफी मागत नाहीत, ताटात वाढतात. मी तो तुकडा धाकटीला दिसेल असा, सावकाश खाल्ला.

शेवटी तुझे जावई मला माणगावला घेऊन गेले. तिथं आठवड्यातून एकदा पुण्याहून ताम्हिणी घाट उतरून एक डॉक्टरीण येते, मधुमेहाची. वयानं आपल्या बालवाडीत शोभली असती. धाकटीही बरोबर आली, खुर्ची ओढून माझ्याआधी बोलायला लागली, "डॉक्टर, ही खाते काय तेच कळत न्हाय." डॉक्टरीणबाईंनी तिला बाहेर बसायला सांगितलं. आई, मला इतकं बरं वाटलं! कितीतरी वर्षांनी कुणीतरी तिला दाराबाहेर बसवलं. मग त्यांनी मला विचारलं, "तुम्ही इंजेक्शन कुठे घेता? दाखवा." मी सगळ्या डॉक्टरांना सांगते तसं सांगितलं, पोटावर घेते, जागा बदलत असते. त्या म्हणाल्या, "झोपा, साडी जरा सैल करा." इतक्या वर्षांत सगळ्यांनी माझे कागद पाहिले होते, पोट कुणी पाहिलं नव्हतं. बाईंची बोटं बेंबीच्या डाव्या अंगाला गेली आणि तिथंच थांबली. तिथं एक गादी झाली आहे, आई. मऊ, फुगलेली, लिंबाएवढी. मला ती माहीत होती. अंघोळ करताना हाताला लागायची. मला वाटायचं, वयानं सुटलेलं पोट.

"इथंच घेता ना? रोज? इथं टोचलं की दुखत नाही, हो ना?" मी मान डोलावली. त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, एकाच जागी वर्षानुवर्षं औषध गेलं की आतली चरबी अशी फुगते, तिथली जाणीव कमी होते, म्हणून दुखत नाही. आणि तिथं घातलेलं औषध रक्तात नीट पोचत नाही. कधी थोडं पोचतं, कधी पोचतच नाही. "तुम्ही काही जास्त खात नव्हता. औषधच आत अडकून पडत होतं." मी त्यांना म्हटलं, हे वाक्य जरा दार उघडून मोठ्यानं बोला. त्या हसल्या, पण बोलल्या खऱ्या.

आता तुला सांगायला हवं, जागा मी का बदलली नाही. जागा तू दिली होतीस. सुरुवातीचे दिवस आठव, मी हातपाय झाडायचे, अख्खी आळी गोळा व्हायची. तू कधी मांडीवर, कधी दंडावर टोचून बघितलंस, आणि मग एके दिवशी बेंबीपासून चार बोटं डावीकडे. मी रडले नाही. तू सुई काढलीस तरी मला कळलं नाही. तू केवढी हसलीस त्या दिवशी! "गावली गो बाय, गावली!" आणि मग मला समजावलंस. वाडीला पाणी एकाच पाटानं जातं. रोज शिपताना पाट तोच ठेवला की जमीन भिजून बसते, पाणी इकडं तिकडं न मुरता नीट माडाच्या आळ्यात जातं. रोज नवा पाट काढशील तर निम्मं पाणी वाटेतच जिरेल. "औषधाला पण वाट ठाऊक व्हायला होवी. एकच पाट ठेव." विहिरीवर जन्म काढलेल्या बाईनं दुसरं काय सांगायचं? मला ते इतकं पटलं की पुढं प्रत्येक डॉक्टरनं जागा बदला म्हटलं, मी हो म्हटलं, आणि घरी येऊन तुझ्याच पाटानं औषध सोडलं. त्यांना वाडी शिपायची काय माहिती, असं मला वाटायचं. पाटात गाळ साचतो आणि तो उपसावा लागतो, हे वाडीतल्या पोरीला आठवायला हवं होतं. नाही आठवलं.

पण हेही पुरतं खरं नाही. पाटाचं कारण मी स्वतःला सांगायला ठेवलं होतं. खरं कारण असं की ती जागा सोडली तर माझ्याकडं तुझं काय राहतं? धाकटीकडं तुझी नथ आहे, तांब्याचं घंगाळ आहे, मोदकाच्या पाऱ्या बोटांनी पातळ करत नेण्याची तुझी रीत आहे. पाहुणे तिला विचारतात, "कुठे शिकलात?" आणि ती म्हणते, "आमच्या आईकडं." माझं लग्न झालं नाही. सुईवाली पोरगी कोण करून घेणार? म्हणून तू मला नथ दिली नाहीस, आणि घंगाळ दोघींत एकच होतं. मला तू मिळायचीस सकाळ-संध्याकाळ, दार लोटून, तेवढा वेळ. तुझा गार हात पोटावर, तुझ्या बांगड्या कोपरापर्यंत सरकवलेल्या. धाकटीच्या लग्नात हळदीचा कार्यक्रम रंगात आला होता, आणि दिवेलागण झाली तशी तू तिला तशीच पाटावर सोडून माझ्याकडं आलीस. मुंगी चावली. तिच्या हळदीचा पिवळा डाग तुझ्या बोटावरून माझ्या पोटाला लागला. सगळ्या बायका आईला शोधत होत्या आणि आई माझ्याजवळ होती. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

तर डॉक्टरीणबाईंनी ती जागा बंद केली. सहा महिने तिथं सुई लावायची नाही. उजवी बाजू, मांड्या, रोज थोडी वेगळी जागा. डोस चांगला कमी करून दिला, कारण आता औषध खरंच रक्तात पोचणार होतं, आणि साखर एकदम खाली उतरण्याचा धोका होता. जवळ गोड ठेवा म्हणाल्या. पहिल्या दिवशी उजव्या मांडीला टोचलं आणि डोळ्यांत पाणी आलं. इतकं दुखतं हे मी विसरलेच होते. साखर मात्र शाळा सुटल्यासारखी खाली पळाली. दोनशे, एकशे सत्तर, एकशे चाळीस. तुझे जावई वाचताना खुर्चीतून उठले. धाकटीनं डोळे पुसले, कपाटाचं कुलूप काढलं आणि अंगणात फेकून दिलं. सांगितलं ना तुला, ती निमित्त देत नाही.

एकदा बाईंनी सांगितलेलं घडलंच. वाडीत पडलेल्या सुपाऱ्या गोळा करत होते आणि हात कापायला लागले, घामानं ब्लाउज भिजला, पोफळी डोळ्यांपुढं हलायला लागल्या. मी खाली बसले. धाकटी धावत आली, एक शब्द विचारला नाही, पदराच्या गाठीतला गूळ माझ्या तोंडात कोंबला. "खा गो, खा. चाव. आणखी खा." सगळं आयुष्य माझ्या तोंडातून गोड काढणारी ही, माझं डोकं मांडीवर घेऊन मला गूळ भरवत होती. मला नंतर कळलं की माणगावहून आल्यापासून ती पदराला गूळ बांधूनच हिंडत होती. त्या गुळानं तिच्या साड्यांना मुंग्या लागायच्या. तिनं कधी सांगितलं नाही.

असं सगळं चांगलं संपायला हरकत नव्हती. पण गेल्या महिन्यात तिचा आकडा वाढला. एकशे ऐंशी, दोनशे वीस, अडीचशे. काही जास्त खात नव्हती, हे मी डोळ्यांनी बघत होते. पहिल्या दिवशी तिचा आकडा माझ्यापेक्षा मोठा आला तेव्हा मी चहात दूध जरा जास्त घातलं, इतकी खूश होते. चौथ्या दिवशी मीच म्हटलं, माणगावला जाऊ. बाई म्हणाल्या, इतक्या वर्षांनी गोळ्या पुऱ्या पडेनाशा होतात, यात तुमची चूक काही नाही. रात्रीचं एक इन्सुलिन सुरू करू.

घरी आल्यावर ती पलंगावर पेन हातात धरून बसली. आता सिरिंज नसते, पेनासारखं असतं, सुई बारीक, नखाएवढी. टोपण काढायची, परत लावायची. इतकी पाहुणी माणसं, वादळ, सगळं निभावलेली बाई, त्या नखाएवढ्या सुईला घाबरली. माझ्याकडं पाहून म्हणाली, "तूच टोच ताय." मी पेन घेतलं. मग ती हळू आवाजात म्हणाली, "तू नि आई दार लोटून घ्यायच्या. मी भायर पायरीवर बसायची. मला वाटायचं आतून आता तू रडशील, आता रडशील. तू कधीच रडायची न्हाय. मला आत यायचं असायचं गो. आई काय करायची? कुठं टोचायची, तुला दुखायचं न्हाय ते?"

तिनं पदर बाजूला करून साडी जरा खाली सरकवली होती. तुझाच रंग. बेंबी, आणि चार बोटं डावीकडे गोरी, सपाट, कोरी जागा. मी तिच्याकडं बघत राहिले. मग मी पेन उजव्या बाजूला नेलं आणि म्हटलं, "सगळीकडं सारखंच दुखायचं. मी रडायचे नाही, इतकंच." आणि टोचलं. ती "आई गं" म्हणाली.

आई, हे पत्र तुला पोचणार नाही, म्हणूनच हेही लिहून टाकते. डॉक्टरीणबाईंनी मला स्वच्छ सांगितलं होतं, की त्या जागेत जादू काही नव्हती. दुसऱ्या कुणाला तिथं टोचलं तर दुखणारच. धाकटीलाही दुखलंच असतं. म्हणजे तिला देण्यासारखं माझ्याजवळ काही नव्हतंच. तरीसुद्धा मी ते दिलं नाही.